'होळी' : एकांकिका, चित्रपट आणि शिमगा

ऐंशीच्या दशकातील तरुणांचे हिंदी चित्रपट म्हटले की प्रेमकथाच आठवतात. केतन मेहता यांचा 'होली' (१९८४) त्या रांगेत बसत नाही. आमिर खान व आशुतोष गोवारीकर यांचा आरंभीचा चित्रपट एवढीच त्याची ओळख आज उरली आहे. मराठीच्या अभ्यासकांनी मात्र त्याकडे वेगळ्या कारणासाठी वळावे. त्याचे मूळ महेश एलकुंचवार यांच्या 'होळी' या एकांकिकेत आहे आणि पटकथेतही त्यांचा सहभाग होता.

होळीच्या दिवशी सुटी नाकारली गेल्याने वसतिगृहातील मुले चिडतात. आरंभी टवाळी, टोपणनावे, वर्गातला गोंधळ असा विनोदी मामला आहे. मध्येच गाणी येतात. मग असंतोषाला राजकीय धार चढते आणि अखेर चुगलखोर ठरलेल्या आनंदची विटंबना होऊन तो आत्महत्या करतो. प्रहसन, संगीतिका, राजकीय नाट्य आणि शोकांतिका यांची ही सरमिसळ 'भवनी भवाई' (१९८०) मध्ये लोकनाट्याचे रूप हाताळणाऱ्या दिग्दर्शकाला नवी नव्हती.

ही सरमिसळ आम्हांस केवळ प्रयोगाची हौस वाटत नाही. ज्या हास्यात प्रेक्षक आरंभी सामील होतो, तेच हास्य शेवटी आनंदच्या वाट्याला येते. प्रकार बदलला तरी हसणारे तेच असतात. जहांगीर चौधरी यांचा कॅमेरा दीर्घ, अखंड दृश्यांतून या जमावाबरोबर चालत राहतो, त्यामुळे प्रेक्षकाला अलिप्त होण्याची उसंत मिळत नाही. या छायालेखनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो सार्थच होय.

मुचकुंदीच्या मुखाशी असलेल्या पूर्णगडाच्या परिसरात, किंबहुना रत्नागिरीच्या गावोगावी, शिमग्याला शिवराळ फाका घालण्याची मुभा असते. पण त्या मोकळिकीला चौकट आहे : होम, ग्रामदेवतेची पालखी, मानकरी, गाऱ्हाणे. उच्छृंखलपणा कोठे सुरू होतो आणि कोठे थांबतो, हे गावाला ठाऊक असते. एलकुंचवारांच्या वसतिगृहात होळी पेटते, पण थांबविणारे कोणी नाही. प्राचार्यांपाशी केवळ शिस्त आहे, तर प्राध्यापकांपाशी फार तर सहानुभूती. विधी हरवून त्याची हिंसा तेवढी उरली आहे.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा झाला तो १९९९ मध्ये, चित्रपटानंतर पंधरा वर्षांनी. कायदा गुन्हा घडल्यावर दोषी शोधतो. 'होळी'चा प्रश्न त्याआधीचा आहे : मुले एकमेकांना सोलत होती, तेव्हा शिकविणारे कोठे होते? एकांकिका वर्गात शिकविताना आपण तिच्यातील पिढीच्या बंडाविषयी पुष्कळ बोलतो. चित्रपट पाहिल्यावर, त्या बंडाने आपल्यातल्याच दुबळ्याला गाठले, याविषयीही बोलणे भाग पडते. दोन्ही कृती वर्गात शेजारी ठेवाव्यात, असे आम्ही सुचवितो.