फाटकवाल्याची कस्तुरी आणि महाडच्या बाया

कर्जत-खोपोली लाइनीच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला रेल्वेचं फाटक काही नवीन नाही. अशाच एका फाटकवाल्याच्या लेकीचा सिनेमा १९३६ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये तयार झाला. नाव ‘अछूत कन्या’.

गोष्ट अशी. दुखिया हा अस्पृश्य फाटकवाला. त्याने एका ब्राह्मण दुकानदाराला साप चावला तेव्हा विष चोखून वाचवलं. दोन घरांची मैत्री झाली. दुखियाची कस्तुरी आणि दुकानदाराचा प्रताप यांचा जीव एकमेकांवर जडला, पण जात आडवी आली आणि दोघांची लग्नं दुसरीकडे लागली. शेवटी फाटकावर तिचा नवरा आणि प्रताप यांची मारामारी होते. समोरून गाडी येते, ती थांबवायला कस्तुरी रुळांवरून धावते आणि मरते.

सिनेमाचे दिग्दर्शक होते फ्रान्झ ऑस्टेन, जर्मनीचे. त्यांना हिंदी येत नव्हतं. कॅमेऱ्यामागे योझेफ विर्शिंग, तेही जर्मन. जातीमुळे मोडलेल्या प्रेमाची ही गोष्ट ते इथे रंगवत होते, आणि त्यांच्या देशात आदल्याच वर्षी ज्यूंशी लग्न करायला बंदी करणारा कायदा झाला होता! संगीत एका पारशी बाईचं. खोर्शेद होमजी मुंबईच्या रेडिओवर गायच्या. सिनेमात काम करायला समाजाने विरोध केला, म्हणून त्यांचं नाव सरस्वतीदेवी ठेवलं. म्हणजे अस्पृश्य मुलीची कथा सांगायला एका बाईला स्वतःचं नाव लपवावं लागलं.

आणि कस्तुरी? ती झाली देविका राणी. टागोरांच्या नात्यातली, इंग्लंडात शिकलेली. फाटकवाल्याची लेक, पण भुवया कोरलेल्या. काम तिने मनापासून केलंय, त्यात वाद नाही. तेव्हा जातीवर असा सिनेमा काढायला धाडस लागत होतं, हेही खरं. पण पडद्यावरच्या मोठ्या नावांत ज्यांची गोष्ट त्यांच्यातलं कुणी दिसत नाही.

आम्हाला जास्त खटकतो तो शेवट. कस्तुरी चांगली, म्हणून तिने मरायचं. बघणारा डोळे पुसून घरी जातो. विहीर कुणाची, पाणी कुणी भरायचं, हे तिथल्या तिथेच राहतं.

या सिनेमाच्या नऊ वर्षं आधी, आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, काय झालं ते बघा. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसं महाडच्या चवदार तळ्यावर गेली, पाणी प्यायली. त्यापायी त्यांनी मार खाल्ला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, मनुस्मृती जाळली. त्याच वेळी बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका, अंगावर ते जड दागिने नकोत, मुलींना शाळेत घाला. बायकांनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. कुणी मेलं म्हणून नव्हे, कुणाला दया आली म्हणूनही नव्हे. त्यांचं त्यांनी ठरवलं.

कातकरी वाडीवरचा कार्यक्रम असला की माइकसमोर वाडीतलीच बाई हवी, असा आमच्या गटांचा हट्ट असतो. भाषा कशी का असेना. पुढच्या महिन्यात वीटभट्टीवर जाणाऱ्या बाया बोलणार आहेत. स्थलांतरात मुलांच्या शाळेचं काय होतं, ते त्या सांगतील.