अखंड नकाशा, विखुरलेल्या सह्या

कलकत्त्याचे बरेचसे पिण्याचे पाणी कलकत्त्यात शुद्ध होत नाही. शहराच्या उत्तरेला, बराकपूरजवळ हुगळीच्या काठावर पलता नावाचे ठिकाण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून नदीचे पाणी तिथे उचलून गाळले जाते आणि मैलोन्‌मैल लांबीच्या नळांतून शहरात आणले जाते. वाटेत हे नळ अनेक लहान नगरपालिकांच्या हद्दींतून जातात. सांडपाणी उलट दिशेने, पूर्वेकडच्या खाजणांत आणि मत्स्यतळ्यांत जाते. तीही शहराच्या हद्दीबाहेर. तानसा-भातसाचे पाणी पिणाऱ्या मुंबईकराला आणि ते पाणी ज्यांच्या गावांवरून जाते त्या शहापूरकराला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

हद्दीबाहेरच्या या पाण्यापासून सुरुवात करण्याचे कारण असे की महानगर कलकत्त्याच्या नियोजनाचा आधुनिक कागद पाण्याविषयीचाच आहे. १९५८ मध्ये शहरात पटकीची मोठी साथ आली. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ पथक आले आणि १९६० मध्ये पाणीपुरवठा व मलनिस्सारणावरचा त्याचा अहवाल हाती आला. त्या काळात शहरात दोन वेगळे पाणीपुरवठे होते. पलत्याचे गाळलेले पाणी पिण्यासाठी होते. मल्लिक घाटासारख्या ठिकाणी नदीतून थेट उचललेले न गाळलेले पाणी रस्ते धुण्यासाठी, गटारे वाहती ठेवण्यासाठी आणि आगी विझवण्यासाठी होते. गाळलेले पाणी पुरत नसे, तेव्हा दाट वस्तीतली माणसे या दुसऱ्या नळावर अंघोळ करीत, भांडी घाशीत. त्यातूनच रोग पसरे. तज्ज्ञांनी नळ, पंप, गाळणी यांच्यावर लिहिलेच. त्याच्या जोडीला त्यांनी असेही सुचवले की संपूर्ण महानगर परिसराच्या पाण्या-मैल्याची जबाबदारी एकाच संस्थेकडे असावी. पटकीच्या जंतूला नगरपालिकेची हद्द कळत नाही, हे त्यांना पुराव्यानिशी दिसले होते.

हे नवे ज्ञान होते असे मात्र नाही. १९११ च्या कायद्याने कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तो मुंबईच्या १८९८ च्या ट्रस्टच्या वळणावर. त्याचे मुख्य अभियंता ई. पी. रिचर्ड्स यांचा १९१४ चा अहवाल प्रसिद्ध आहे. त्याच्या लांबलचक शीर्षकातच ‘शहर आणि लगतचा प्रदेश’ असे शब्द आहेत. ट्रस्टची हद्द मात्र लगतच्या प्रदेशापर्यंत पोचत नव्हती. हद्द एक आणि प्रश्नाचा पसारा दुसरा, ही तफावत पुढच्या प्रत्येक कागदात दिसते.

१९६० चा अहवाल ज्यांच्या टेबलावर आला ते मुख्यमंत्री बिधानचंद्र रॉय स्वतः नामांकित डॉक्टर होते आणि तीसच्या दशकाच्या सुरुवातीला कलकत्त्याचे महापौरही राहिले होते. रोगाचा अहवाल आणि नगरपालिकेचा कारभार या दोन्हींची नस त्यांना ठाऊक होती. त्यांनी फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य मिळवले आणि १९६१ मध्ये कलकत्ता मेट्रोपॉलिटन प्लॅनिंग ऑर्गनायझेशन, म्हणजे सीएमपीओ, उभी राहिली. देशी अभियंते, अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि परदेशी सल्लागार एका छपराखाली आले. नृशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस यांनी शहराच्या वॉर्डावॉर्डांत कोणत्या भाषेची, कोणत्या धंद्याची, कोणत्या जातीची माणसे राहतात याची पाहणी केली, ती याच वर्षांतली.

सीएमपीओच्या नावातला शेवटचा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. ती ‘ऑर्गनायझेशन’ होती, ‘अथॉरिटी’ नव्हती. तिच्या पाठीशी विधिमंडळाचा कायदा नव्हता, सरकारी निर्णय होता. ती आराखडा करू शकत होती, सल्ला देऊ शकत होती, पण कोणत्याही नगरपालिकेला, खात्याला किंवा बंदराच्या आयुक्तांना अमुक करा असे सांगू शकत नव्हती. रॉय हयात होते तोवर ही उणीव जाणवण्याचे कारण नव्हते, कारण सगळ्या खात्यांना जोडणारा दुवा ते स्वतःच होते. फाइल अडली की मुख्यमंत्र्यांच्या खोलीत सुटे. १ जुलै १९६२ रोजी, आपल्या ऐंशीव्या वाढदिवशी, ते गेले. संस्था जेमतेम एक वर्षाची होती. त्यानंतरच्या कागदांत आराखड्याची गुणवत्ता घसरलेली दिसत नाही. उलट ती वाढते. मात्र आराखड्यावर सही करणारा हात दिसेनासा होतो. माणसाच्या वजनावर चाललेले सहकार्य त्या माणसाबरोबर गेले, असाच अर्थ मी यातून काढतो.

तुकड्यातुकड्यांनी कायदे झाले. १९६५ मध्ये महानगर क्षेत्रातल्या जमिनीच्या वापरावर नियंत्रण आणणारा कायदा आला. १९६६ मध्ये महानगर पाणी व स्वच्छता प्राधिकरणाचा कायदा आला. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस निदान कागदावर उतरली, त्याला सहा वर्षे लागली. प्राधिकरण स्थापन झाले, पण नगरपालिकांनी आपापले नळ त्याच्या हवाली केले नाहीत. त्यांचा हेका होता असे म्हणून हे सोडून देता येणार नाही. पाणी हातचे गेले तर मतदारासमोर उभे राहायला नगरसेवकाकडे उरते काय, ही अडचण खरी होती.

आणि डिसेंबर १९६६ मध्ये सीएमपीओचा मूलभूत विकास आराखडा आला. १९६६ ते १९८६ अशी त्याची वीस वर्षांची मुदत. भारतातल्या महानगर नियोजनाच्या इतिहासात हे पुस्तक आजही हातात घेऊन वाचण्याजोगे आहे. त्यातला नकाशा हुगळीच्या दोन्ही तीरांवरचा, सुमारे ४९० चौरस मैलांचा. उत्तरेला कल्याणी आणि बाँसबेडिया, दक्षिणेला बजबज. मधे तागाच्या गिरण्यांची नदीकाठची लांबच लांब रांग, तीसहून अधिक नगरपालिका, आणि शिवाय चंदननगर, जे १९५० पर्यंत फ्रेंचांकडे होते. कलकत्ता-हावडा या एका केंद्रावरचा भार हलका करण्यासाठी उत्तरेला कल्याणी-बाँसबेडिया हे दुसरे केंद्र वाढवावे, ही आराखड्याची मुख्य कल्पना. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती, बस्त्यांतली, म्हणजे दाट झोपडवस्त्यांतली, राहणी, कलकत्ता आणि हावडा यांना थेट जोडणारा एकमेव पूल, हे सगळे त्यात एकाच चौकटीत मांडले आहे. इतक्या कारभाऱ्यांत विभागलेल्या प्रदेशाला एकत्र हलवणारी यंत्रणा नाही, हेही आराखडा सांगतो आणि पाण्यासारख्या कामांसाठी महानगरव्यापी प्राधिकरणे सुचवतो.

याच वर्षांत आपल्याकडे काय चालले होते ते शेजारी ठेवून पाहावे. स. गो. बर्वे यांच्या अभ्यासगटाने १९५९ मध्ये बृहन्मुंबईचा विचार खाडीपलीकडे नेला. धनंजयराव गाडगीळांच्या समितीने १९६६ मध्ये मुंबई-पनवेल आणि पुणे या प्रदेशांसाठी प्रादेशिक योजनेची निकड मांडली. त्याच वर्षी महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम झाला. म्हणजे इथे कायदा आधी आला, प्रदेशाचा आराखडा त्याच्याखाली १९७३ मध्ये मंजूर झाला आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण १९७५ मध्ये आले. कलकत्त्यात आराखडा आधी तयार होता, त्याच्या पायाखाली कायद्याची जमीन नव्हती. मुंबईचे सगळे आलबेल झाले असे कुणी म्हणणार नाही, पण क्रमाचा हा फरक कलकत्त्याला महागात पडला असे माझे मत आहे.

कारण आराखडा हाती आला आणि तीन महिन्यांत सरकार गेले. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेस हरली. त्यानंतर आघाडी सरकारे, फाटाफूट, राष्ट्रपती राजवट, पुन्हा आघाडी, आणि मार्च १९७० मध्ये पुन्हा राष्ट्रपती राजवट. या गदारोळात वीस वर्षांच्या योजनेची पहिली चार वर्षे गेली.

१९७० चा कायदा वाचताना त्याच्या शीर्षकापाशीच थांबावे लागते. कलकत्ता महानगर विकास प्राधिकरण, सीएमडीए, ज्या कायद्याने जन्मले तो ‘राष्ट्रपतींचा अधिनियम’ आहे. विधानसभा विसर्जित होती. कलकत्त्याच्या आसपासच्या पाऊणशे लाखांहून अधिक लोकांचे पाणी, गटारे, रस्ते आणि बस्त्या ज्या संस्थेकडे सोपवल्या गेल्या, तिच्यासाठी बंगालच्या एकाही आमदाराने हात वर केला नव्हता. १९७२ मध्ये राज्याच्या विधानसभेने आपला स्वतंत्र कायदा करून ही उणीव भरून काढली. पैशाची सोय मात्र त्याच घाईत आणि हुशारीने केलेली दिसते. महानगर क्षेत्रात येणाऱ्या मालावर प्रवेश कर बसवला गेला. आपल्या जकातीची बहीणच ती. त्यातला वाटा प्राधिकरणाला आणि वाटा नगरपालिकांना. सीएमपीओकडे नकाशा होता, पैसा नव्हता. सीएमडीएकडे पैसा आला, आणि पुढे १९७३ मध्ये जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संघटनेने ३ कोटी ५० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले.

मूळ कल्पना अशी होती की सीएमडीए लहान राहील. ती पैसा देईल, देखरेख करील, मेळ घालील. कामे मात्र इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, हावडा इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, पाणी व स्वच्छता प्राधिकरण, सरकारी बांधकाम व आरोग्य अभियांत्रिकी खाती करतील. सत्तरच्या दशकात हे चित्र पालटले. जुन्या यंत्रणांचा वेग मंद होता, पैसा खर्च होणे निकडीचे होते, म्हणून सीएमडीएने आपलेच अभियंता विभाग उभारले. मेळ घालणारी संस्था स्वतः बांधकाम करू लागली. बस्त्यांत नळ, संडास, फरसबंद गल्ल्या, दिवे आले. लाखो माणसांच्या रोजच्या जगण्यात त्याने फरक पडला आणि त्याचे मोल कमी लेखता येत नाही. पण दोन खात्यांत वाद झाला तर मध्यस्थ कोण, याला आता उत्तर राहिले नाही, कारण मध्यस्थ स्वतःच तिसरे खाते झाले होते. त्यात हुगळीवरच्या दुसऱ्या पुलासाठी वेगळे आयुक्त, भुयारी रेल्वेसाठी रेल्वेची वेगळी यंत्रणा. पुलाची कोनशिला १९७२ ची, वाहतूक १९९२ मध्ये सुरू झाली.

या सगळ्या काळात खुद्द कलकत्ता महापालिका कुठे होती? ती १९७२ मध्ये बरखास्त झाली आणि निवडून आलेली सभा पुन्हा बसली ती १९८५ मध्ये. महानगरावर तोवरचा सर्वांत मोठा खर्च होत असताना त्यातल्या सर्वांत मोठ्या शहराला नगरसेवक नव्हते. गटार कुठून न्यायचे हे ठरवताना विचारायला कुणी नव्हते, आणि गटार बांधून झाल्यावर ते ताब्यात घ्यायलाही कुणी उत्सुक नव्हते. डागडुजीचा खर्च कोणी करायचा हा तंटा यातूनच आला. नगरपालिकांचे म्हणणे होते, आम्ही मागितले नव्हते आणि आमच्या तिजोरीत पैसे नाहीत. प्राधिकरणाचे म्हणणे होते, आमचे काम बांधून देण्याचे. १९७७ मध्ये सत्तेवर आलेल्या डाव्या आघाडीने १९८१ मध्ये राज्यात नगरपालिकांच्या निवडणुका घेतल्या आणि महानगराच्या पुढच्या कार्यक्रमात लहान कामांची निवड नगरपालिकांकडे दिली, तेव्हा निदान मोरी कुठे तुंबते हे ठाऊक असलेला माणूस बैठकीत आला.

या दोन कालखंडांना जोडणारे एक नाव कागदांत आहे. के. सी. शिवरामकृष्णन हे सनदी अधिकारी सत्तरच्या दशकात सीएमडीएचा कारभार पाहत होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीची घडण चालू होती तेव्हा तेच केंद्रात नगरविकास सचिव होते. त्या दुरुस्तीतले २४३-झेडई हे कलम कलकत्त्याचा इतिहास मनात ठेवून वाचले की त्यातला शब्दन्‌शब्द बोलू लागतो. दहा लाखांवरच्या प्रत्येक महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती असावी. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडावेत. आराखडा करताना नगरपालिका-पंचायतींच्या योजना, पाण्याची वाटणी, सामाईक सोयी आणि पर्यावरण लक्षात घ्यावे. १९७० च्या कायद्यात जो मतदार गैरहजर होता, त्याला इथे घटनेने खुर्ची दिली.

पश्चिम बंगालने १९९४ मध्ये त्यासाठी कायदा केला. महाराष्ट्राचा कायदा १९९९ चा. २००१ मध्ये, शहराचे नाव कोलकाता झाले त्याच वर्षी, कोलकाता महानगर नियोजन समिती बसली. देशातली ती पहिली. साठ सदस्य, त्यांत चाळीस निवडून आलेले, वीस नेमलेले, अध्यक्ष मुख्यमंत्री. समितीचे सचिवालय म्हणून काम कोणी करायचे, तर केएमडीएने, म्हणजे जुन्या सीएमडीएने. तेव्हा महानगराचा आराखडा तयार करणारी, त्यातली मोठी कामे बांधणारी आणि समितीसमोर टिपण ठेवणारी संस्था एकच राहिली. चाळीस प्रतिनिधींना स्वतःचा नकाशाकार, स्वतःचा हिशेबनीस मिळाला नाही. २०२५ पर्यंतचे भविष्यचित्र मांडणारा महानगराचा पुढचा आराखडा याच वाटेने आला.

दरम्यान नवी हद्द, नवे कारभारी येतच राहिले. राजारहाटच्या नव्या नगरासाठी १९९९ मध्ये हिडको ही सरकारी विकास कंपनी आली. पूर्वेच्या पाणथळीतली साडेबारा हजार हेक्टर जागा २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली आणि २००६ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. शहराचे सांडपाणी जिथे माशांचे खाद्य होते त्या तळ्यांची राखण करायला कुणीतरी जबाबदार झाले, हे फार आधीच व्हायला हवे होते.

आणि हावडा. नदीपलीकडचे हे दुसरे मोठे शहर, १९६६ च्या आराखड्यातल्या पहिल्या केंद्राचा अर्धा भाग. तिथल्या महापालिकेची निवडणूक २०१३ मध्ये झाली, मुदत २०१८ मध्ये संपली. २०१५ मध्ये बाली नगरपालिका हावड्यात विलीन केली होती, ती पुन्हा वेगळी करण्याचे विधेयक विधानसभेने नोव्हेंबर २०२१ मध्ये संमत केले आणि ते राज्यपालांकडे अडले. डिसेंबर २०२१ मध्ये कोलकाता महापालिकेसाठी मतदान झाले, हावड्यासाठी झाले नाही. नियोजन समितीवर सदस्य निवडून पाठवण्याचा घटनेने दिलेला हक्क बजावायला हावड्यात एकही नगरसेवक नव्हता.