उड्डाण-योजना, घरगुती सिम्युलेटर आणि कोकणचा हवाई मार्ग : हातखंब्याच्या संदर्भात एक टिपण

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी जे. आर. डी. टाटा यांनी लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. पन्नास वर्षांपूर्वी याच दिवशी पस मॉथ विमानातून टपाल घेऊन ते याच मार्गाने जुहूला उतरले होते. योगायोग असा की, १९८२ च्या अखेरीस ब्रूस आर्टविक यांच्या प्रणालीवर आधारलेला 'फ्लाइट सिम्युलेटर' मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला आणि जुने उड्डाण पुन्हा करून पाहण्याची शक्यता घरातल्या टेबलापर्यंत येऊन पोहोचली. या दुसऱ्या प्रकारच्या पुनरुड्डाणाचे इतिहासाच्या दृष्टीने मूल्य काय, हा प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्रारंभी हा छंद केवळ विमान हाकण्याचा होता. २००१ मध्ये 'व्हॅटसिम' हे जाळे उभे राहिले. त्यात छंदिष्टच हवाई नियंत्रकाची भूमिका घेतात आणि उड्डाणापूर्वी रीतसर उड्डाण-योजना, म्हणजेच फ्लाइट प्लॅन, दाखल केला जातो. परिणामी प्रत्यक्ष विमान कंपन्यांच्या योजना मिळवून त्या जशाच्या तशा घरी उडविण्याची प्रथा रूढ झाली. वैमानिकाच्या कौशल्याइतकेच महत्त्व कागदाला आले, ही बाब अभ्यासकांनी दुर्लक्षू नये अशी आहे.

या कागदाचे स्वरूप आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरलेले आहे. विमानाची ओळख व प्रकार, निघण्याचे ठिकाण व वेळ, वेग, उंची, मार्गावरील बिंदू, गंतव्य, पर्यायी विमानतळ असा त्याचा क्रम असतो. इंधन किती वेळ पुरेल आणि विमानात माणसे किती, हा तपशील मात्र पुरवणी भागात असून तो सामान्यतः पुढे प्रसारित होत नाही. म्हणजे छंदिष्टाच्या हाती मार्ग येतो, माणसे येत नाहीत. शिवाय मार्गबिंदूंची माहिती दर २८ दिवसांच्या चक्राने अद्ययावत होते. त्यामुळे जुनी योजना नव्या माहितीसंचावर कित्येकदा चालतच नाही. छंदिष्टाला याचा त्रास होतो. इतिहासकाराला मात्र त्यातून कालनिश्चितीचे साधन मिळते, कारण एखाद्या बिंदूचे नाव केव्हा आले व केव्हा गेले यावरून योजनेचा काळ ठरविता येतो.

तथापि योजना म्हणजे उड्डाण नव्हे. पेशवे दप्तराचा अभ्यासक बेहेड्यावरून खर्च झाला असे मानत नाही. तो ताळेबंद शोधतो. उड्डाण-योजना हा बेहेडाच होय. प्रत्यक्षात नियंत्रक जवळची वाट देतो, वारा बदलतो, धावपट्टी बदलते. योजना अक्षरशः पाळणारा छंदिष्ट बहुधा असे उड्डाण करीत असतो, जे त्या दिवशी कोणीच केले नव्हते. काही उड्डाणांच्या बाबतीत तर हे साधन मुळातच निरुपयोगी ठरते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाच्या बाँबफेकीनंतर दाबोळीच्या नादुरुस्त धावपट्टीवरून पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमाने रात्री समुद्रावरून कराचीकडे निसटली. कोणाच्याही दृष्टीस न पडणे हाच ज्या उड्डाणाचा हेतू, त्याचा शोध दाखल केलेल्या योजनेत घेणे व्यर्थ होय.

कोकण किनाऱ्यावरील हवाई मार्ग याहून जुना आहे. २९ ऑक्टोबर १९३५ रोजी टाटांची मुंबई–गोवा–कण्णूर–त्रिवेंद्रम सेवा सुरू झाली. त्या काळच्या वैमानिकाला आजच्यासारखे मार्गबिंदू उपलब्ध नव्हते. किनारा, खाड्या आणि नद्यांची मुखे हीच त्याची खूण. आज मुंबई–गोवा प्रवासी विमानाच्या योजनेत कोकणातील गावांना स्थान नसते. हातखंब्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. मुंबई–गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारा रस्ता जेथे फुटतो तो हातखंबा तिठा जमिनीवरील प्रवाशाला चुकविता येत नाही. वाट येथेच ठरवावी लागते. आकाशातील कागदावर मात्र हे गाव अस्तित्वातच नाही. अर्थात नाव नसलेले स्थळही अक्षांश-रेखांश लिहून योजनेत घालण्याची मुभा नियमांत आहे, आणि कमी उंचीवरून डोळ्यांनी वाट शोधत उडणाऱ्याला तिठ्यासारखी खूण उपयोगी पडते. जवळच तटरक्षक दलाचे हवाई स्थानक असलेली रत्नागिरीची धावपट्टी आहेच.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. सिम्युलेटर कोणत्याही महिन्यात जुहूहून उड्डाण करू देतो. वस्तुतः टपालसेवेच्या आरंभीच्या वर्षांत पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असे व विमाने पुण्यास हलवावी लागत. जुलै १९३३ मध्ये जुहूहून निघालेले संगणकीय विमान कितीही हुबेहूब दिसले, तरी ती कल्पनाच होय. २००३ च्या आवृत्तीत राइट बंधूंच्या उड्डाणाच्या शताब्दीनिमित्त ऐतिहासिक विमाने दिली गेली, पण त्यांच्या जोडीला ऐतिहासिक भूमी दिली गेली नाही. २०२० च्या आवृत्तीत उपग्रह-छायाचित्रांमुळे सडे, खाड्या व रस्ते ओळखू येऊ लागले. परंतु छायाचित्र ज्या काळचे, भूमीही त्याच काळची. म्हणून १९३५ चा मार्ग आज संगणकावर उभा करणाऱ्याला हातखंब्याच्या परिसरात एकविसाव्या शतकातील महामार्ग दिसतो, आणि रत्नागिरीजवळ १९९८ साली संपूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेचे रूळही.