मोरीतला दिवा: खोपोलीच्या विजेपासून आपल्या होल्डरपर्यंत

आजचा भाग ऐकता ऐकता एकदा आपल्या घरातल्या मोरीत, नाहीतर वॉशिंग मशीन ठेवलंय त्या कोपऱ्यात डोकावून या. वरच्या दिव्याचा होल्डर बघायचाय. हात लावायचा नाही, फक्त बघायचा. कारण आजचा इतिहास तिथेच लटकतोय.

सुरुवात आमच्याच भागातून करू. जमशेटजी टाटा १९०४ साली गेले, पण घाटावरच्या पावसातून वीज काढायचं त्यांचं स्वप्न दोराबजींनी पुढे नेलं. १९१० मध्ये टाटा हायड्रो कंपनी उभी राहिली. लोणावळ्याच्या बाजूला पाणी अडवायचं आणि जाड नळांतून ५०० मीटरहून जास्त खाली, खालापूर तालुक्यातल्या खोपोलीत आणून चाकं फिरवायची, अशी ती योजना. १९१५ मध्ये खोपोलीची वीज सुरू झाली. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचं केंद्र आलं. १९२९ मध्ये तर कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं धावायला लागली.

आता गंमत बघा. वीज इथली, पण ती निघाली मुंबईच्या गिरण्यांकडे. टॉवर आमच्या शेतातून, उजेड परळला! तारांच्या खालच्या बहुतेक गावांत मात्र चिमणी आणि कंदीलच. १९४२ च्या चळवळीत माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने हेच टॉवर पाडले. मुंबईची वीज तोडली की सरकारचं नाक दाबलं जातं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं.

गावोगावी वीज पोहोचली ती मुख्यतः १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर. आणि आली ती कशी? लाकडी पट्टीवरून दोन तारा, चिनी मातीचा फ्यूज, पितळी होल्डर आणि पिवळा बल्ब. माझी आजी सांगते, पहिला दिवा माजघरात लागला आणि मोरीला दिवा सगळ्यात शेवटी मिळाला. उरलेली वायर, उरलेला होल्डर. बायकांनी जिथे रोज ओल्या हाताने काम करायचं, तिथेच सगळ्यात कच्चं काम!

त्या दोन तारांमध्ये तिसरी, म्हणजे अर्थिंगची तार बऱ्याचदा नसायचीच. जुन्या तारांवरचं रबर उन्हाने, ओलीने सुकून तडकतं. उघडी तार पितळेला टेकली की अख्खा होल्डर जिवंत. ‘फ्यूज आहे ना’ असं म्हणून चालत नाही. फ्यूज उडतो काही अँपिअरला, आणि माणसाच्या जिवावर बेतायला ३० मिलिअँपिअरच्या वरचा प्रवाहही पुरतो. म्हणजे फ्यूज तार जळू नये म्हणून असतो, आपल्यासाठी नाही. पितळेच्या जागी बेकलाइटचा होल्डर आला, तेव्हा निदान अंग तरी वीज न वाहणारं झालं.

मागच्या पावसाळ्यात आमच्या मोरीतल्या होल्डरला हिरवा गंज चढला आणि आईच्या बोटांना झिणझिण्या आल्या. तेव्हा नवा दिवा निवडताना मी जे शिकलो, ते सांगतो.

एक, खोक्यावर ‘आयपी’ आणि दोन आकडे बघा. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. पाण्याचे शिंतोडे उडत असतील तर आयपी ४४ पुरतो. पाऊस थेट आत येत असेल तर आयपी ६५ घ्या. कर्जतचा पाऊस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या पुढे जातो, तेव्हा उघड्या बाल्कनीत काटकसर नको.

दोन, नुसता होल्डर आणि उघडा बल्ब नको. पूर्ण झाकलेला प्लास्टिकचा एलईडी दिवा घ्या. पाल आणि किडेही आत शिरत नाहीत. धातूचाच घ्यायचा असेल तर अर्थिंगची तार जोडलीच पाहिजे. अर्थिंग घरात नसेल तर धातूचा विषयच बंद.

तीन, वायर दिव्यात वरून सरळ घुसवू नका. खाली थोडा झोल देऊन खालच्या बाजूने आत न्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोलावरूनच टपकून जातं. भोकाला रबरी पॅकिंग हवंच, नाहीतर आयपीचा आकडा फक्त खोक्यावर राहतो.

चार, बटण फेजच्या तारेवर आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. न्यूट्रलवर असेल तर बटण बंद करूनही दिव्यात वीज राहते. बटण मोरीच्या बाहेर, कोरड्या भिंतीवर असलेलं बरं.

पाच, मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. वीज अंगातून जमिनीत जायला लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. फ्यूजला जे कळत नाही, ते याला कळतं. त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघा.

आणि दिवा बदलताना नुसतं बटण नाही, मेन स्विच बंद. तारांचं काम परवानाधारक वायरमनकडूनच.

आमच्याकडे वायरमनने जुनी तार काढली तेव्हा रबराचा हातात भुगा झाला. इतकी वर्षं तिच्याखाली धुणं चाललं होतं.

डोंगरातलं पाणी खोपोलीत उतरवून वीज करायला मोठी कंपनी लागली. मोरीतल्या दिव्याला एक वायरमन आणि एक दुपार पुरते. हा भाग घरी धुणंभांडी कोण करतं, त्यांना आधी ऐकवा. भेटू पुढच्या भागात!