विडीकामगार स्त्रीचे म्हातारपण

१९६६ हे वर्ष मराठीच्या अभ्यासकाला आठवते ते नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ'मुळे. विडी व सिगार कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा त्याच वर्षीचा, हे आपण वर्गात सांगत नाही. मीही अनेक वर्षे सांगितले नव्हते. घरी नेऊन विडी वळणारी बाईही कामगारच, असे त्या कायद्याने मानले. सोलापूरच्या पूर्व भागातील तेलुगुभाषक घरांत ही मान्यता फार मोलाची होती. पुरुष मागावर, बाई सुपावर, अशी तिथल्या संसाराची वाटणी. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूरचा कामगार-इतिहास सांगितला जातो, त्यात सूप क्वचितच येते.

विडीचे काम दिसायला हलके. पाने भिजवायची, मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. पण मजुरी हजारावर मोजली जाते, आणि रोज हजार वेळा तीच बोटे वळतात. पाठ वाकते, नजर मंदावते, छातीत तंबाखूची धूळ साचते. इथे अपघात घडत नाही. म्हणून अपंगत्वाला तारीखही नसते. हजाराचे आठशे होतात, आठशेचे पाचशे. १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत अपंगत्वाचे वेतन आहे, परंतु ते कायमच्या आणि संपूर्ण अपंगत्वासाठी. पाचशेवर आलेली बाई त्यात बसत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ पासून दरमहा १,००० रुपये ठरली. तीही दहा वर्षांची सेवा कागदावर सिद्ध झाली तर. (नावातील एका अक्षराची चूक काय करू शकते, हे पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.)

तरीही या आयुष्याला केवळ करुणेच्या चष्म्यातून पाहणे मला पटत नाही. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची विडीकामगार स्त्रियांची वसाहत उभी राहिली. दहा हजार घरांची, २००६ साली हस्तांतरित झालेली. भाड्याच्या खोलीत जन्म काढलेल्या बाईला उतारवयात स्वतःचा उंबरठा मिळणे, हे समाधानाच्या कोणत्याही मोजमापात मोठेच धरावे लागेल.

एका विद्यार्थिनीने प्रकल्पासाठी आपल्या आजीलाच 'तुम्ही समाधानी आहात का?' हा प्रश्न तेलुगूत विचारला. आजीचे नाव विडीच्या हिशेबातून केव्हाच गेले होते. पण सुनेच्या नावावरच्या विड्यांसाठी पाने तीच कातरत होती. कात्री न थांबवता तिने उलट विचारले, "कधीचं सांगू? हजार होत होत्या तेव्हाचं, की आताचं?"

प्रश्नावलीत रकाना एकच होता. मुलीने तो कोरा ठेवून वही माझ्याकडे आणून दिली.