मगनवाडीचा हौद

हौदातला लगदा काठीने ढवळला की पाणी पातळ ताकासारखं दिसू लागतं. कागद काढणारा त्यात जाळीची चौकट बुडवतो, आडवी धरून अलगद उचलतो आणि एकदा पुढेमागे, एकदा डावीउजवीकडे हलवतो. पाणी खाली निथळतं, जाळीवर सायीसारखा थर उरतो. तो कापडावर उलटा घालायचा, वर दुसरं कापड ठेवायचं, मग पुढचा ताव. गठ्ठा दाबाखाली पिळून निघाला की एकेक ताव सोडवून वाळत टाकायचा. या सगळ्यात तंतू चिकटवायला डिंक कुठेच लागत नाही. तरी वाळलेला ताव फाडताना हाताला जोर जाणवतो.

वर्ध्याच्या मगनवाडीत हे काम १९३०च्या दशकात सुरू झालं. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी आपली बाग आणि बंगला संघाला दिला आणि १९२८ मध्ये निवर्तलेल्या मगनलाल गांधींच्या नावावरून ती जागा मगनवाडी झाली. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, जाईपर्यंत तिथेच राहत. संघाचे चिटणीस होते जे. सी. कुमारप्पा. तंजावरचा जन्म, लंडनमध्ये हिशेबतपासनिसाचं शिक्षण, अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचा अभ्यास. अशा माणसाने तेलघाणी, हातसडीचा तांदूळ, गूळ, मधमाशा आणि हातकागद यांत आयुष्य घातलं.

कागद हा काही नवा शोध नव्हता. जुन्नरला आणि दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात कागजी घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली होती. जुनी पोती, दोरखंड, चिंध्या चुन्यात मुरवायच्या, कुटायच्या, वाहत्या पाण्यात धुवायच्या. ताव वाळला की त्याला खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. हा तो ‘घोटीव कागद’. पेशवे दप्तराचे रुमाल आजही वाचता येतात, त्यात लेखकूंइतकंच श्रेय या घोटणाऱ्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकात गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हे धंदे बसले. मगनवाडीने तो मोडलेला धागा पुन्हा हाती घेतला.

आता त्या न घातलेल्या डिंकाकडे येऊ. चिंध्या, कापूस, ताग यांचा गाभा म्हणजे सेल्युलोज. फ्रेंच रसायनज्ञ आन्सेल्म पायेनने १८३८ मध्ये वनस्पतींतून तो वेगळा काढला. ग्लुकोजच्या हजारो कड्यांची ही साखळी म्हणजे निसर्गाने बांधलेलं पॉलिमर. साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी इतक्या घट्ट धरून असतात की साध्या पाण्यात सेल्युलोज विरघळत नाही. विरघळलं असतं, तर पहिल्याच पावसात धोतर वाहून गेलं असतं! पण ओला लगदा कुटला की तंतूंचे बारीक पदर उकलतात आणि पाणी त्यांच्यात शिरतं. पुढे पाणी निघून जाताना शेजारच्या तंतूंना जवळ ओढतं आणि तेच बंध आता तंतू-तंतूंमध्ये जुळतात. तावाची ताकद तिथून येते.

कारखान्यांना मात्र सेल्युलोज पुरतं विरघळवून त्याचा रेशमासारखा धागा काढायचा होता. १८९२ मध्ये इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी व्हिस्कोजची वाट शोधली: सेल्युलोजवर आधी कॉस्टिक सोडा, मग कार्बन डायसल्फाइड. धागा सुंदर निघाला. पण कार्बन डायसल्फाइडची वाफ मज्जासंस्थेवर घाव घालते, आणि त्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगारांनी त्याची किंमत देशोदेशी मोजली. पुढे लायोसेल आलं. त्यात सेल्युलोज एनएमएमओ नावाच्या द्रावकात थेट विरघळतं, धागा पाण्यात उतरवतात आणि ९९ टक्क्यांहून अधिक द्रावक परत मिळवून पुन्हा वापरतात. पर्यावरणाला जपणारी द्रावकं हा विषय आज प्रयोगशाळांत मोठा आहे. वापरलेला द्रव शेवटी कुठे जातो, हा त्यातला कळीचा प्रश्न.

कुमारप्पांनी असाच एक प्रश्न अर्थशास्त्राच्या भाषेत मांडला. कोळसा, खनिज तेल, धातू यांचा साठा तळ्यासारखा. उपसाल तितका कमी होणार. जंगल, पीक, कष्ट यांचं धन प्रवाहासारखं, दरवर्षी नवं येणारं. गावाचा धंदा प्रवाहावर उभा असावा, हा त्यांचा आग्रह. मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ घडवला गेला, तो रॉकेलला पर्याय म्हणूनच.

मगनवाडीच्या कागदाला रसायनाचा स्पर्शच नव्हता असं म्हणणं मात्र खरं होणार नाही. चिंध्या शिजवायला चुना किंवा सोडा लागतोच, आणि धुतलेलं पाणी कुठेतरी सोडावंच लागतं. फरक प्रमाणाचा होता, आणि जवळिकीचाही. ज्या विहिरीचं पाणी प्यायचं तिच्याच आसपास लगदा धुतला जातो, तेव्हा मापात राहण्याची सक्ती आपोआप होते.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. ग्रामोद्योगांची अवजारं आणि वस्तू लोकांनी डोळ्यांनी पाहाव्यात, हा त्यामागचा हेतू. ते आजही उभं आहे. महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थाही याच मगनवाडीत आहे.

वर्धा जिल्ह्यात सेल्युलोजची वाण कधीच नव्हती. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात परदेशी बाजारात गावाच्या नावाने ओळखला जाई. आजही वेचणी आटोपली की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात. काही चुलीत जातात, काही बांधावर पेटवल्या जातात. कापसावर संशोधन करणाऱ्या मुंबईच्या ‘सिरकॉट’ने याच पऱ्हाट्यांपासून फळ्या बनवून दाखवल्या आहेत.