गुणफलकाकडे न पाहणारा प्रशिक्षक

16 नोव्हेंबर 1980 ची रात्र. मायामीहून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेल्या विमानात पुढच्या बाजूला एक माणूस अंधारात तोंड लपवून रडत होता. मागच्या रांगांमध्ये त्याचाच संघ बसला होता, लागोपाठ आठवा सामना हरून परतणारा. खेळाडूंना आपल्या प्रशिक्षकाची ही अवस्था दिसू नये म्हणून दोन-तीन सहकारी त्याच्याभोवती उभे राहिले आणि उगाच गप्पा मारू लागले. उतरल्यावर राजीनामा द्यायचा, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. पण अमेरिका ओलांडायला पाच-सहा तास लागतात. विमान उतरेपर्यंत त्याने डोळे पुसले आणि पुढच्या रविवारच्या सामन्याचा विचार सुरू केला. या माणसाचे नाव बिल वॉल्श.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे फारसा कोणी पाहत नाही. त्यात पायापेक्षा हाताचेच काम जास्त! अकरा-अकरा खेळाडू, शंभर यार्डांचे मैदान, आणि चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला चार संधी. प्रत्येक संधीपूर्वी खेळ थांबतो आणि पुढची चाल ठरते. म्हणून या खेळात प्रशिक्षकाचे डोके जेवढे चालते तेवढे क्वचितच दुसऱ्या खेळात चालत असेल. चाल सुरू करून चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. बाकीचे नियम आज आपल्याला नकोत.

वॉल्श यांचा जन्म 1931 चा. सिनसिनाटी बेंगल्स या संघात ते आठ वर्षे पॉल ब्राऊन यांचे सहायक होते. 1970 मध्ये तिथे व्हर्जिल कार्टर नावाचा क्वार्टरबॅक खेळत होता. त्याला चेंडू फार लांब फेकता येत नसे, पण नेम चांगला होता. वॉल्श यांनी त्याच्यासाठी जवळच्या, अचूक फेकींची रचना बसवली. हाताशी जे आहे त्यातून उभी केलेली ही पद्धत पुढे साऱ्या खेळावर पसरली. 1976 च्या सुरुवातीला ब्राऊन निवृत्त झाले, तेव्हा गादी आपल्याकडे येणार असे वॉल्श धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. एवढेच नव्हे, तर ब्राऊन यांनी इतर संघांकडे आपल्याविषयी बरे सांगितले नाही, असेही वॉल्श पुढे बोलून दाखवत.

1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्यांना बोलावले. आदल्या वर्षी या संघाने सोळापैकी दोन सामने जिंकले होते. वॉल्श आल्यावर किती जिंकले? तेही दोनच. पण या काळात त्यांनी जे केले त्याविषयी ते आयुष्यभर बोलत आणि लिहीत राहिले. किती सामने जिंकायचे, याचे लक्ष्य त्यांनी ठेवलेच नाही. त्याऐवजी कामाची एक पातळी ठरवली. सरावाला सदऱ्याची टोके आत खोचलेली हवीत. सरावाच्या मैदानावर कोणी बसायचे नाही. नव्या पोरांची टिंगल करायची नाही. चेंडू झेलणाऱ्याने अमुक यार्डावर वळायचे म्हणजे तिथेच वळायचे, पाऊलभर पुढे नाही. कार्यालयात फोन उचलणाऱ्या बाईंनी कसे बोलायचे, तेही ठरलेले. ही पातळी सगळ्यांनी राखली की गुणफलक आपले आपण बघून घेतो, असा त्यांचा सिद्धान्त. आपल्या वाचकांना इथे गीता आठवेल. मला मात्र त्यात आपल्या घराण्यांतल्या उस्तादांची तालीम जास्त दिसते. आधी स्वर लावून घे, मैफलीचे नंतर बघू.

त्यांची आणखी एक सवय नवलाची होती. सामन्याच्या पहिल्या पंचवीसेक चाली ते आधीच लिहून काढत. साठ हजार माणसे ओरडत असताना, पावसात, घड्याळ धावत असताना माणसाचे डोके धड चालत नाही. मग जे ठरवायचे ते शांत खोलीत का ठरवू नये? विमानातल्या त्या रात्रीचा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे, त्याला स्वतःच्या मनाचा भरवसा किती धरावा हे चांगले कळले असणार.

त्या रात्रीनंतर संघाने लागोपाठ तीन सामने जिंकले. त्यांतल्या तिसऱ्यात, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध, मध्यंतराला ते 7-35 असे मागे होते आणि जादा वेळेत 38-35 ने जिंकले. पुढच्या मोसमात सोळापैकी तेरा विजय. 10 जानेवारी 1982 रोजी डॅलसविरुद्ध अवघे 51 सेकंद उरले असताना जो मोंटानाने फेकलेला चेंडू ड्वाइट क्लार्कने उंच उडी मारून बोटांनी झेलला आणि सामना एका गुणाने खिशात घातला. अमेरिकेत तो झेल दैवी मानतात. खरे तर ती चाल सरावात घोटलेली होती आणि त्याच दिवशी आधी एकदा वापरलेलीही होती.

दोन आठवड्यांनी मिशिगनमधल्या पॉन्टियाकला अंतिम सामना होता. संघाची बस हॉटेलपाशी थांबली तेव्हा पांढऱ्या केसांचा एक हमाल सामानासाठी खेळाडूंच्या मागे लागला, आणि काहींनी त्याच्याशी ओढाओढही केली. गणवेशातला तो हमाल म्हणजे वॉल्श! पोरांचे दडपण उतरवायचा हा त्यांचा मार्ग. समोर संघ कोणता होता? सिनसिनाटी बेंगल्स. फोर्टीनाइनर्स 26-21 ने जिंकले.

पण गुणफलकाची पर्वा करू नका असे सांगणाऱ्या या माणसाला तो कधी सुटला नाही. एकेक हार त्यांना आतून खात गेली, आणि यशाची सवय लागल्यावर तर जास्तच. जानेवारी 1988 मध्ये मिनेसोटाकडून अनपेक्षित हार पत्करावी लागली, तेव्हा मालकांनी त्यांचे अध्यक्षपद काढून घेतले. पुढच्या वर्षी त्यांनी तिसरे अजिंक्यपद मिळवले, तेही पुन्हा बेंगल्सला हरवून, आणि त्यानंतर कॅमेऱ्यासमोर त्यांना रडू आवरेना. त्यांनी पद सोडले. घाई केली, असे पुढे त्यांनाच वाटत राहिले. 2007 मध्ये ते गेले.

त्यांच्या जागी त्यांचेच सहायक जॉर्ज सीफर्ट आले. खेळाडू बहुतेक तेच, सरावही तोच. जानेवारी 1990 मध्ये त्या संघाने डेन्व्हरचा 55-10 असा धुव्वा उडवून पुन्हा अजिंक्यपद मिळवले. वॉल्श तेव्हा संघाच्या बाकावर नव्हते.